निळ्या ड्रमाचा हंगाम

गेल्या रविवारी उपासना संपताना पाळकसाहेबांनी हंगामाच्या उपकारस्तुतीची तारीख सांगितली. पुढच्या बाकावरच्या बाया लगेच एकमेकींकडे वळल्या. कुणाच्या मांडवावर दुधी लोंबतोय, कुणाचा भाऊ नवी बाजरी पाठवणार आहे, कुणाची कोंबडी नेमकी आत्ताच खुडूक बसलीय म्हणून अंडी आणता येणार नाहीत. त्या दिवशी चर्चमध्ये घराघरातून काहीतरी पिकवलेलं येतं, त्यावर प्रार्थना होते, आणि मग बाहेर कडुनिंबाखाली लिलाव होऊन एकाच्या परसातली भाजी दुसऱ्याच्या चुलीवर जाते. लहानपणापासून हा माझा नाताळाहूनही लाडका सण. आता मात्र तारीख ऐकली की आधी आठवतो तो मागच्या वर्षीचा निळा ड्रम.

आमची सगळी नोकरी दौंडला गेली. मी रेल्वेच्या दवाखान्यात नर्स आणि माझे यजमान शांतवन तिथंच कॅरेज-वॅगनला, म्हणजे डबे-दुरुस्तीला, फिटर. तोंडानं मी त्यांना नुसतं ‘अहो’ म्हणते, पण इथे नावानं लिहिते. ‘हे’ आणि ‘ते’ करत बसले तर वाचणाऱ्याचा गोंधळ व्हायचा. निवृत्तीनंतर कॉलनीतलं क्वार्टर सोडलं आणि भांडगावात हायवेपासून जरा आत पाच गुंठे जागा घेऊन चार खोल्या बांधल्या. मागे परस, परसापलीकडे बांध, बांधापलीकडे शेजारच्या आप्पांचा ऊस.

हातांना काम नसलं की माणूस टीव्हीच्या रिमोटवर रागावतो. शांतवनांचं तसं झालं होतं. जन्मभर गाड्यांच्या पोटाखाली घुसून नट आवळलेला माणूस सकाळी दहापर्यंत पेपर संपवायचा आणि मग घरातल्या बिजागऱ्यांना तेल घालत हिंडायचा. न कुरकुरणाऱ्या दारांनासुद्धा.

मागच्या वर्षी जूनमध्ये रूथचा, आमच्या मुलीचा, पुण्याहून फोन आला. “मम्मी, पुन्हा राहिलंय,” ती म्हणाली. आधी दोनदा तिसऱ्या महिन्यातच गेलं होतं. त्यामुळे आनंदाला तोंड फुटेना. जावयाची नोकरी शिफ्टची, घरात दिवसभर दुसरं कुणी नाही. ठरलं की जुलैच्या शेवटी रूथनं माहेरी यायचं आणि बाळंत होईपर्यंत इथंच राहायचं.

फोन ठेवला आणि मला आमचं घर वेगळंच दिसायला लागलं. न्हाणीतली फरशी निसरडी. पायरी उंच. हौदाला झाकण नाही. आणि मागच्या दारी तो कचऱ्याचा ढीग. भाजीची देठं, चहाचा चोथा, पाला, शेण, सगळं तिथं पडायचं. खत होईल तेव्हा होईल, तोवर कुत्री उकरायची आणि वास घरात यायचा. मागच्याच आठवड्यात त्यातून हातभर धामण निघाली होती. धामण बिनविषारी असते हे मला माहीत आहे, पण पोटुशी बाई दचकून पडायला विष कशाला लागतं?

“तो ढीग आधी बंद करा,” मी म्हटलं.

शांतवनांनी त्याच दिवशी मोबाईलवर कुठलासा व्हिडिओ बघितला. आडवा ड्रम, मधून आरपार पाइप, खाली स्टँड. कचरा आत टाकायचा, झाकण लावायचं, रोज ड्रम गोल फिरवायचा. ना वास, ना कुत्री, ना साप, आणि दीड महिन्यात खत. त्यांनी ते तीनदा बघितलं आणि कॅलेंडरच्या पाठीवर पेन्सिलनं नकाशा काढला. नोकरीतून बाहेर पडल्यापासून त्यांच्या कानामागे पेन्सिल मी पहिल्यांदाच बघत होते.

ड्रम हायवेवरच्या एका भंगारवाल्याकडचा. निळा, जाड प्लॅस्टिकचा, माझ्या छातीएवढा. टेम्पोतून उतरवला तेव्हा त्याला कसलासा वास होता, औषधी म्हणावा तर औषधी नाही, गोड म्हणावा तर गोड नाही. त्यांनी तो सोड्यानं घासला, साबणानं घासला, पाणी भरून दोन दिवस उन्हात ठेवला, पुन्हा घासला. मी दारात उभी राहून विचारलं, “ड्रम कशाचा होता हो?”

त्यांची माझ्याकडे पाठ होती. “साबणाचा असंल,” ते म्हणाले. “तीनदा धुतलाय.”

मी नर्स. बाटलीवरचं नाव वाचल्याशिवाय कुणाला थेंब पाजला नाही कधी. आम्हाला शिकवलंच होतं तसं: कपाटातून काढताना वाचायचं, ओतताना वाचायचं, परत ठेवताना वाचायचं. आणि त्या दिवशी मी ‘असंल’ हा शब्द ऐकून घरात गेले. गॅसवर दूध होतं. कारण एवढंच.

पुढचे तीन आठवडे परसात वर्कशॉप होतं. चौफुल्यावरच्या वेल्डरकडून त्यांनी अँगलचा स्टँड करून आणला. ड्रमच्या दोन्ही तोंडांना बरोबर मधोमध भोक पाडायचं म्हणून दोरी, खडू आणि जुनी फूटपट्टी घेऊन अख्खी सकाळ घालवली. मधोमध नसलं तर ड्रम एका अंगाला जड होतो आणि फिरवताना हिसका देतो, असं त्यांनी मला समजावलं. पोटाला चौकोनी दार कापलं, त्याला बिजागऱ्या आणि ट्रकच्या मागच्या फळीला असते तसली कडी बसवली. आतून पट्ट्या मारल्या, म्हणजे फिरताना कचरा नुसता घसरत न राहता वर उचलला जाईल आणि खाली पडेल. हवेसाठी सगळीकडून भोकं. पाइप बेअरिंगवर टेकला आणि त्यांनी एका बोटानं ड्रम ढकलला. तो आवाज न करता फिरला. ते माझ्याकडे बघून हसले. लग्नात हसले होते त्यानंतर तसं मोकळं हसताना मी त्यांना फार वेळा पाहिलेलं नाही.

मग भरणं. खाली आप्पांच्या उसाचं पाचट, वर भाजीचा कचरा, वर वाळका पाला, मग शेणाचा काला, त्यात मूठभर गूळ आणि लोटीभर ताक. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला हाक मारली.

“हात घाल आत.”

मी घातला आणि चटकन काढला. आत चांगलाच ताप होता. माझ्या तोंडून सवयीनं निघालं, “एकशेतीन तरी असेल.”

“आजारी न्हाई तो,” शांतवन म्हणाले. “कामाला लागलाय.”

रूथ आली ती अशक्त होऊन. अन्न पोटात ठरत नव्हतं, हिमोग्लोबिन खाली गेलेलं. पण मागच्या दारी वास नव्हता याचं तिला बरं वाटलं. सकाळी पायरीवर बसून ती पप्पांचे फेरे मोजायची. पंचवीस सकाळी, पंचवीस संध्याकाळी. आतला कचरा धबाक करून पडला की म्हणायची, “पप्पा, हा अर्धवट झाला, परत.” आणि ते खरंच परत फिरवायचे. ते दिवस बरे होते. पण मला बऱ्या दिवसांचीच भीती वाटते. वॉर्डात सगळं शांत असलं की आम्ही नर्सा एकमेकींना ‘आज निवांत आहे’ असं कधी म्हणायचो नाही. म्हटलं की घंटी वाजायची.

ऑगस्टमध्ये ड्रमातून पहिलं खत निघालं. काळं, भुसभुशीत, हाताला गार. शांतवनांनी ते चाळणीनं चाळलं आणि वाफ्यात मेथी, पालक, घेवडा लावला. उरलेलं चार पिशव्यांत भरून आम्ही दौंडला वाटून आलो. एक पाळकसाहेबांना, एक चर्चमधल्या म्हाताऱ्या मार्थाबाईंना, एक जुन्या शेजाऱ्यांना, एक सरोजला. सरोज माझ्या जुन्या वॉर्डातली आया, आमची चाळीस वर्षांची ओळख. “आमच्या कारखान्याचा माल हाय,” प्रत्येकाच्या दारात ते सांगायचे. मी बाजूला उभी राहून कौतुकानं ऐकायचे.

मेथी महिन्याभरात आली. रूथला तीच तेवढी सोसायची. मी ती रोज करायला लागले. लसूण घालून, मुगाची डाळ घालून, थालीपिठात, वरणात. “अजून घे,” म्हणायचे. “रक्त वाढतं.” पाचवा महिना संपला, सहावा लागला, आणि तिच्या गालांवर थोडा रंग आला. पोटातलं हलायला लागलं तेव्हा तिनं माझा हात तिथं ठेवला. मी हात काढायला तयार नव्हते.

ऑक्टोबरच्या मध्यावर एके सकाळी घेवड्याची शेंड्याकडची पानं वाटीसारखी वळलेली दिसली. कडा आत, शिरा पांढरट, दांडा पिळल्यासारखा. मला आधी वाटलं कीड. पान उलटून बघितलं तर खाली काही नाही. एवढ्यात आप्पा बांधावर आले. सत्तरीचे, पण अजून स्वतः पाण्याला जाणारे. त्यांनी वाकून पान हातात घेतलं.

“ताई, ह्याला औषध लागलंय.”

“आम्ही काहीच मारत नाही, आप्पा.”

“मंग खतात काय तरी हाय,” ते म्हणाले. त्यांची नजर ड्रमाकडे गेली. “त्यो ड्रम कारखान्याचा न्हवं? आवं, तसल्या ड्रमात काय काय आसतं. आमच्या पाव्हण्यानं आसल्याच ड्रमातनं म्हशीला पाणी पाजलं व्हतं. दोन दिसात आडवी झाली.”

ते सहज बोलले आणि मोटर बघायला निघून गेले. मी पान हातात घेऊन उभी. घरात रूथ नाश्ता करत होती. मेथीचं थालीपीठ.

शांतवन पुढच्या अंगणात सायकलची साखळी पुसत होते. मी ते पान त्यांच्यासमोर धरलं. “अहो, ड्रम कशाचा होता?”

“सांगितलं की मागं.”

“तुम्ही ‘असंल’ म्हणालात. होता की असंल?”

त्यांनी फडकं खाली ठेवलं. पुन्हा उचललं. रेल्वेत असताना एकदा त्यांच्या हातून ब्रेकची पिन बसवायची राहिली होती आणि गाडी सुटायच्या आत लक्षात आली होती. त्या संध्याकाळी घरी आले तेव्हा चेहरा असाच होता.

“एक चिठ्ठी होती चिकटवलेली,” ते म्हणाले. “फाटलेली. थोडासाच तुकडा. टँकर-वॅगनवर असते ना शंकरपाळीसारखी पाटी, तसली. त्यावर आकडा होता.”

“कसला आकडा?”

“तेच तर कळंना. ड्रम आडवा पडलेला. इकडून बघितलं तर सहा, तिकडून बघितलं तर नऊ.”

“म्हणजे काय?”

त्यांनी वर बघितलं नाही. “नऊ म्हंजी किरकोळ. इतर माल. त्याचं काय नसतं एवढं.”

“आणि सहा?”

हायवेवरून एक ट्रक गेला, दुसरा गेला. “सहा म्हंजी विष,” शांतवन म्हणाले.

“मग चिठ्ठी कुठाय?”

“ब्लेडनं खरवडली.”

मी ओरडले नाही. रूथ आत होती. फक्त विचारलं, “का?”

“तुला सांगितलं असतं तर तू करू दिलं नसतंस,” ते म्हणाले. मग स्वतःलाच समजावल्यासारखं, “तीनदा धुतला गं. सोड्यानं. आम्ही टँकरसुद्धा तेवढे धूत नव्हतो.”

त्याच दिवशी आम्ही दोघं स्कूटरवरून भंगारवाल्याकडे गेलो. तिथला माणूस बिहारकडचा, ड्रमांच्या डोंगरावर उभा. मी विचारलं, त्यानं हात हलवला. “अम्मा, रोज गाड़ी भर के आता है. कौन सा कहाँ से आया, कौन याद रखेगा? सब धो के देते हैं.” मालकाला फोन लावायला सांगितला. मालक म्हणाला, शाम्पूचा असेल. शांतवनांनी पाटीचं विचारलं तेव्हा म्हणाला, मग नसेल शाम्पूचा. आणि फोन ठेवला.

परतताना मी मागे बसून त्यांच्या शर्टाची पाठ बघत होते. चाळीस वर्षं मी तीच पाठ बघून निर्धास्त झोपले होते, गाडीत, स्कूटरवर, सगळीकडे. त्या दिवशी मी कॅरिअरची दांडी धरून बसले.

रूथला सांगायचं की नाही? शांतवन म्हणाले, सांगून काय होणार, उगाच धसका घेईल. मलाही क्षणभर पटलं. पटलं तेव्हाच मला माझी भीती वाटली. ब्लेड घेऊन चिठ्ठी खरवडताना त्यांनाही असंच पटलं असणार. मी जेवणं झाल्यावर रूथच्या शेजारी बसले आणि सगळं सांगितलं, पानापासून आकड्यापर्यंत.  शेवटी ती म्हणाली, “किती दिवस खाल्ली मी मेथी?”

“पाच आठवडे.”

तिनं दोन्ही हात पोटावर ठेवले. दारात शांतवन उभे होते. तिनं त्यांच्याकडे बघितलंच नाही. उठली, खोलीत गेली आणि कडी लावली. आमच्या घरात आतून कडी लावायची पद्धत नाही.

दौंडच्या डॉक्टरबाई शांतपणे ऐकून घेणाऱ्या. त्यांनी सोनोग्राफी केली, बाळाची वाढ ठीक असल्याचं दाखवलं, रक्त तपासलं, आणि म्हणाल्या, “काय होतं हेच माहीत नाही तर मी नेमकं काय शोधू? बहुधा काहीच नसेल. खाणं थांबवलंत ना? मग आता बघत राहायचं.” ‘बघत राहायचं’ हे मी स्वतः किती जणींना सांगितलं असेल. ते ऐकणारीला कसं वाटतं ते मला तेव्हा कळलं. सोनोग्राफीत काय दिसतं हे मला ठाऊक होतं, आणि काय दिसत नाही हेही.

शांतवनांनी परस उपटला. सगळी भाजी, वरची वीतभर माती. बांधापासून लांब खड्डा खणून त्यात पुरली आणि ड्रम करवतीनं कापला. मी वाटेत आले नाही, मदतही केली नाही. संध्याकाळी ते हातपाय धुऊन आले आणि म्हणाले, “चार पिशव्या दौंडला हायत.”

मला त्या पिशव्या आठवल्याच नव्हत्या. इतके दिवस मी फक्त माझ्या लेकीपुरती घाबरले होते.

“फोन करू,” मी म्हटलं.

“फोनवर कसं सांगायचं? दारात जाऊन दिलंय, दारात जाऊन सांगावं लागंल.”

दुसऱ्या दिवशी गेलो. पाळकसाहेबांकडे पिशवी तशीच होती, वेळच मिळाला नव्हता. त्यांनी शांतवनांच्या खांद्यावर हात ठेवला आणि पिशवी आणून दिली. जुने शेजारी म्हणाले, आम्ही फुलझाडांना घातलं, फुलं कोण खातंय, बसा चहा घ्या. मार्थाबाईंनी कुंडीतली वांगी कधीच खाल्ली होती. त्या हसत म्हणाल्या, “आता एक्क्याऐंशीव्या वर्षी विष माझं काय करणार? पण सांगायला आलास, शांतवन, हे बरं केलंस.”

सरोजचं घर शेवटचं. तिच्या गच्चीवर पालक होता, आणि तिची चार वर्षांची नात त्या पालकाची भजी आवडीनं खायची. शांतवनांनी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, ब्लेडसुद्धा नाही. सरोजचं तोंड हळूहळू पांढरं पडलं. ती माझ्याकडे वळली.

“तू नर्स ना गं?” ती म्हणाली. “मला चमचाभर औषधसुद्धा लेबल वाचल्याबिगर देऊ द्यायची न्हाईस. सगळ्या वॉर्डासमोर ओरडली व्हतीस एकदा. आन् माझ्या नातीला हे दिलंस व्हय?”

 ती गच्चीवर गेली, कुंड्या उलट्या करताना आवाज येत होता. आम्ही थोडा वेळ जिन्यात थांबलो, मग उतरलो. नात पुढे ठणठणीत राहिली, अजून आहे. पण सरोज आता भेटली की मला आमच्या चर्चच्या रिवाजाचा ‘सलाम’ घालत नाही. मी घातला तर मान हलवते, एवढंच.

त्यानंतर आठ दिवसांनी उपकारस्तुती होती. आम्ही रिकाम्या हातानं गेलो. टेबलावर भोपळे, कणसं, केळीचे घड, अंड्यांच्या टोपल्या. गीत सुरू झालं आणि मला तोंड उघडता येईना. शांतवन शेजारी उभे होते, त्यांचे मोठे हात पुढच्या बाकाच्या पाठीवर. उपकार मानायचा तर कशाचा? अजून काही वाईट घडलं नव्हतं, याचा मानावा तर तेही घाईचं वाटत होतं.

नोव्हेंबर सरता सरता आप्पा पुन्हा बांधावर आले. घेवड्याची रिकामी जागा बघून म्हणाले, “उपाटला व्हय? आवं ताई, मी तुम्हाला उगंच भ्या घातलं. त्या आठवड्यात मी उसात तणनाशक मारलं व्हतं. वारं तुमच्याकडंच व्हतं. आमच्या घरच्या वालाची पानंबी तश्शीच वळली.”

म्हणजे घेवड्याला झालं ते वाऱ्यानं. ड्रमाचा त्यात काही संबंध नव्हता. पानांनी खोटी साक्ष दिली होती, आणि त्या खोट्या साक्षीमुळे खरी गोष्ट बाहेर पडली होती. मी हे रूथला सांगितलं. ती म्हणाली, “पण आकडा तर होता ना?” आकडा होता. तो सहा होता की नऊ, हे आता कुणालाच कधी कळणार नाही.

डिसेंबर फार सावकाश गेला. रूथ पप्पांशी कामापुरतं बोलायची. ते रोज तिच्यासाठी केडगावच्या बाजारातून भाजी आणायचे, आणि ती टेबलावर ठेवून दोन पावलं मागे उभे राहायचे. मी रात्रंदिवस मनातल्या मनात मोजत असायचे. हालचाली, आठवडे, वजन. स्वयंपाक करताना मधेच थांबून तिच्या खोलीत डोकावायचे. ती झोपलेली असली तर श्वास बघायचे, नर्स बघते तसा, छातीकडे नजर लावून.

जानेवारीत, दुपारी, हन्नाचा जन्म झाला. ओळखीमुळे मला आत उभं राहू दिलं होतं. ती रडली तेव्हा सगळ्या हसल्या, मी हसले नाही. मी बोटं मोजली. पायाची मोजली. टाळूवर हात फिरवला, ओठ उघडून आतला टाळा बघितला, पाठीचा कणा वरपासून खालपर्यंत चाचपला. डॉक्टरबाई म्हणाल्या, “सिस्टर, झाली का तपासणी? आता आजी व्हा.” तेव्हा मला रडू कोसळलं.

बाहेर व्हरांड्यात शांतवन भिंतीला टेकून उभे होते. मुलगा की मुलगी, असं त्यांनी विचारलंच नाही.

“कसंय?” एवढंच.

“ठीक आहे,” मी म्हटलं. “सगळं ठीक आहे.”

ते भिंतीला घासत खाली बसले, तिथंच फरशीवर, लोकांच्या चपलांमध्ये. मी त्यांच्याशेजारी बसले. कितीतरी आठवड्यांनी मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

काळजी संपली म्हणाल तर नाही. हन्ना महिन्याची झाली तेव्हा ती दिव्याकडे बघते का ते मी बघितलं, तिसऱ्या महिन्यात मान धरते का ते बघितलं. प्रत्येक गोष्ट वेळेवर झाली आणि प्रत्येक वेळी मी पुढच्या गोष्टीची धास्ती घेतली. आता मला वाटतं, ते बहुधा ड्रमाचं नव्हतंच. ज्याच्यावर जीव असतो त्याच्या पाठीवर कुठली चिठ्ठी आहे ते आपल्याला कधीच पूर्ण वाचता येत नाही, तरी आपण त्याला खाऊ घालतो, न्हाऊ घालतो, जगात सोडतो.

या जूनमध्ये शांतवनांनी दुसरा ड्रम आणला. मला विचारून. लोणचं घालणाऱ्या एका घरगुती कारखान्यातला, मालकासमोर झाकण उघडून, आत डोकं घालून मोहरीचा आणि हळदीचा वास घेऊन. चिठ्ठी शाबूत होती, ती त्यांनी सोलून माझ्या हातात दिली. ड्रम पहिल्यासारखाच फिरतो. वाफ्यात भाजीही आहे.

रूथ हन्नाला घेऊन परवाच आलीय, आठवडाभरासाठी. आज सकाळी आम्ही तिघी परसात बसलो होतो. हन्ना दहा महिन्यांची, रांगण्यात पटाईत. माझी नजर क्षणभर हलली असेल नसेल, तिनं वाफ्यातली मूठभर माती उचलून तोंडात कोंबली. मी झेपावले. तिच्या तोंडात बोट घातलं, दोन दातांमधून काळा चिखल काढला, पदरानं जीभ पुसली.  ती रडायच्या ऐवजी हसत होती.

“मम्मी, माती आहे गं,” रूथ म्हणाली. “सगळी पोरं खातात.”

शांतवन ड्रमाजवळ होते. फिरवायचे थांबले, आले आणि रूथच्या पुढ्यात मांडी घालून बसले. आणि एकदम बोलायला लागले. “ह्यात शेण हाय, आप्पांच्या गाईचं. पाचट त्यांच्याकडचं घेतलं न्हाई, औषध मारल्यालं असतं. पाला आपल्या दारातला. चहाचा चोथा, भाजीची देठं, अंड्याची टरफलं. गूळ, ताक. वरनं नळाचं पाणी, हौदाचं न्हाई. ड्रम लोणच्याचा, चिठ्ठी तुझ्या मम्मीपाशी हाय. तो मी पाच वेळा धुतला, आन् पहिलं खत निघालं ते कुणाला दिलं न्हाई, आधी त्यात मेथी लावून मी एकट्यानं महिनाभर इथंच कच्ची खाल्ली.”

हे शेवटचं मलाही ठाऊक नव्हतं.

रूथनं काहीच विचारलेलं नव्हतं. तरी तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मग हन्नाला उचलून त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि हात धुवायला आत गेली.